ग्राफिक्स कार्डासाठी कणीक

ग्राफिक्स कार्डाला कणीक लावता येते, हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत कणकेचा आणि माझा संबंध सकाळी सहा ते साडेसहा, डबे भरून होईपर्यंत एवढाच होता. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे मुलीच्या खोलीत टेबलाखाली गुरगुरणारं काहीतरी. त्याच्यामुळे त्या खोलीत मे महिन्यात बसवत नाही आणि डिसेंबरात ओले मोजे लवकर वाळतात.

मुलगी घरूनच काम करते. मोशीत ज्यांचा अजून पायाही खणलेला नाही, अशा इमारतींच्या ती फिल्म बनवते. आज जिथे कांदा उभा आहे तिथे ती पोहण्याचा तलाव काढते, काठावर चहा पिणारी सुखी माणसं बसवते आणि गच्चीवर ताडाची झाडं लावते. बिल्डर ही फिल्म गिऱ्हाइकांना दाखवतो. मी एकदा तिला म्हटलं, "तू खोटं दाखवून जेवतेस." ती म्हणाली, "खोटं बिल्डर बोलतो गं आई. मी फक्त ऊन नीट पाडते."

हे ऊन पाडायचं काम कार्ड करतं. तापलं की ते मंद होतं आणि मग एकेका झाडाची सावली पडायला तासभर लागतो. कार्ड बंद पडलं तर तिचं कामच बंद. दुसरं कार्ड घरात नव्हतं. पुढे जे झालं ते सगळं या एका कार्डावर झालं, हे आधीच सांगून ठेवते.

इंटरनेटवर हौशी लोकांची एक स्पर्धा असते. कार्डाला भलतंसलतं थंड करायचं, त्याचा वेग वाढवायचा आणि एक ठरावीक चाचणी त्याच्यावर चालवायची. चाचणी शेवटपर्यंत गेली तर पडद्यावर एक आकडा येतो. ज्याचा आकडा मोठा त्याला बक्षीस म्हणून नवं, दुप्पट ताकदीचं कार्ड. मुलीचा डोळा त्या कार्डावर होता.

"थंड म्हणजे किती?" मी विचारलं.

"उणे शंभर. जमलं तर आणखी खाली."

"आपला फ्रीज तर आइस्क्रीमसुद्धा धरत नाही."

"फ्रीज नाही गं. लिक्विड नायट्रोजन."

हा शब्द ऐकून मी खुर्ची ओढून बसले, कारण हा माझ्या ओळखीचा होता. चाकणच्या एका कंपनीत मी स्टँडर्ड रूम सांभाळते. दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजायचे आणि नको म्हणायचं, हे माझं काम. आमच्याकडे असेंब्लीत धातूचे बुश लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवतात. थंडीनं ते केसभर आकसतात आणि भोकात अलगद बसतात. धूर काढणारं ते पांढरं पाणी मी वीस वर्षं लांबून बघते आहे. ते आपल्या हातानं ओतायला मिळेल ही कल्पना मला मुलीपेक्षा जास्त आवडली, हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

पहिलं काम भांड्याचं. कार्डावरचा पंखा आणि जाळी काढून टाकायची, मधल्या चिपवर तांब्याचं उभं भांडं स्क्रूनं बसवायचं आणि त्यात नायट्रोजन ओतत राहायचं. भांड्याचा तळ चिपला तंतोतंत टेकला पाहिजे.

घरात सासरे आहेत. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. आकुर्डीच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टर्नर म्हणून केली. भोसरीत त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचं शेड आहे. तिथे जाऊन ते अजूनही लेथवर हात साफ करून येतात. मुलीनं त्यांना कागदावर भांडं काढून दाखवलं. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्याच्यात शिजवायचं काय?"

"काही नाही आप्पा. गार करायचं."

"गार करायला मडकं असतं," असं म्हणून त्यांनी जाताना अर्धा लिटर दूध मागून घेतलं. तांबं चिवट असतं, टूलला चिकटतं. जुने टर्नर तांबं कापताना दूध सोडतात. मला वाटलं, शेडवर चहा करणार असतील. संध्याकाळी ते भांडं घेऊन आले. आतबाहेर चकचकीत, कडेला बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

मी आरशाचा सपाट तुकडा घेतला, त्यावर निळी शाई पुसट फासली आणि भांड्याचा तळ घासून पाहिला. सगळीकडे निळा डाग उठला तर तळ सपाट. डाग उठला तो नुसता कडेला, गोल बांगडीसारखा. मध्ये कोरडं.

"मध्ये खोल आहे," मी म्हटलं. "चालणार नाही."

आप्पांनी चष्मा पुसून बांगडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सगळ्यांना कळलं, की सुनेनं सासऱ्याचा जॉब रिजेक्ट केला. तिथले एक गृहस्थ मला दुधाच्या दुकानात म्हणाले, "अहो, जेवणात मीठ कमी म्हणून आम्ही ताट परत पाठवलेलं नाही कधी." मी म्हटलं, "ताटाला ड्रॉइंग नसतं." आप्पांनी तळ पुन्हा घासला, पुन्हा रिजेक्ट झाला, तिसऱ्यांदा पास झाला. पास झाल्यावरही दोन दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते.

आता नायट्रोजन. कंपनीत स्टोअरच्या माणसाला मी सरळ विचारलं, की घरच्या कामाला थोडा पाहिजे, रीतसर लिहून द्या. तो म्हणाला, "मॅडम, गेटपासवर काय लिहू? वाफ? तुम्ही मोशीला पोचेपर्यंत तेवढीच उरेल." तो नाद सोडला.

मग आठवलं, आमच्या गल्लीच्या टोकाला गाई भरवणारे एक भाऊ राहतात. मोशीचेच, पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांच्या मोटरसायकलला मागे एक गुबगुबीत ॲल्युमिनियमचं भांडं बांधलेलं असतं. त्यात लिक्विड नायट्रोजन, आणि नायट्रोजनमध्ये उत्तमोत्तम वळूंचं वीर्य बारीक नळ्यांमध्ये गोठवलेलं. मोशीत गोठे कमी झाले तरी इंद्रायणीपलीकडे अजून आहेत. मी त्यांना रस्त्यात गाठलं.

"भाऊ, नायट्रोजन मिळेल का थोडा?"

"मिळंल की. गाय कधी घेतली वहिनी?"

"गाय नाही. मुलीच्या कॉम्प्युटरला पाहिजे."

ते गाडीवर बसल्याबसल्या गंभीरपणे विचार करू लागले. "माजावर आलाय व्हय?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण बघायला मिळणार म्हणून ते लगेच तयार झाले.

राहिली कणीक. कार्ड इतकं थंड झालं, की हवेतलं पाणी त्याच्यावर दवासारखं धरतं, आणि विजेच्या वस्तूवर पाणी म्हणजे कारभार आटोपला. म्हणून भांड्याभोवतीचा सगळा भाग आधी व्हॅसलिननं माखायचा आणि वरून चिकणमातीसारखं काहीतरी दाबून बसवायचं, म्हणजे हवा आत शिरत नाही. सराईत लोक त्यासाठी चित्रकारांचं मळता येणारं खोडरबर वापरतात. आम्ही ते मागवलं होतं. ते कुरिअरच्या गोदामात असल्याचं मोबाइल रोज सांगत होता.

मी म्हटलं, मैदा तेलात मळू. पाण्याचा थेंब नको. लिंबाएवढा गोळा मळून पाहिला. छान चिकटत होता, तडे जात नव्हते. त्यात मल्टिमीटरच्या दोन्ही सुया खुपसल्या. काटा ढिम्म. वीज जात नाही. गोळा डबीत ठेवला, डबीवर तारीख घातली आणि लिहिलं: सॅम्पल पास.

आमच्या धंद्यात माझी एक कटकट प्रसिद्ध आहे. सॅम्पल ज्या पद्धतीनं बनवलं, त्याच पद्धतीनं सगळा माल बनला पाहिजे. माणूस बदलला, तेल बदललं, मशीन बदललं, तर पहिला नग पुन्हा माझ्याकडे मोजायला आला पाहिजे. या एका वाक्यावर मी किती माल परत पाठवला असेल आणि किती जणांनी पार्किंगमध्ये माझ्या गाडीकडे बघून शिव्या घातल्या असतील, त्याचा हिशोब नाही.

स्पर्धेची शेवटची तारीख रविवार. मुलीनं ठरवलं होतं, की बिल्डरची फिल्म शनिवारी संपवायची आणि मगच कार्डाला हात लावायचा. शनिवारी दुपारी बिल्डरचा फोन आला: लॉबीच्या फरश्या करड्या नकोत, बदामी करा. फिल्म सोमवारी संध्याकाळी हवीच, मंगळवारी बुकिंग सुरू होतंय. म्हणजे कार्ड सोमवारी जिवंत पाहिजे.

"राहू दे मग," मुलगी म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"एवढं भांडं झालंय, नायट्रोजन येतोय," मी म्हटलं. "दोन तासांचं तर काम." हे मी म्हटलं. तिनं नाही.

रविवारी सकाळी ओट्याशी उभं राहून मी डबीतला गोळा काढला. तो फारच थोडा होता, सगळ्या कार्डाला त्याच्या चौपट पाहिजे होता. मी परात घेतली. तेवढ्यात कंपनीतून फोन आला. ओव्हरटाइमला आलेल्या मुलांना मोजमापाचं एक गेज सापडत नव्हतं. फोन खांद्यावर मानेनं धरला आणि कुठल्या कपाटात, कितव्या खणात, कुणाच्या सहीनं गेलं असेल, ते सांगत सांगत मी मळलं. फोन संपला तेव्हा गोळा तयार होता. मऊसूत. त्याला झाकून मी बाहेर आले.

भाऊ अकराला आले. भांडं गॅलरीत ठेवून म्हणाले, "समदे बैल दुसऱ्या भांड्यात उतरवलेत. ह्याच्यात आता काय न्हाई."

आप्पा म्हणाले, "नीट बघा. तळाला एखादा राहिला असला आणि कार्डाला वासरू झालं, तर बांधायचं कुठं? चौथा मजला आहे."

"आन् दारं खिडक्या उघड्या ठिवा," भाऊंनी मुलीला बजावलं. "ह्यो हवेला ढकलून देतो. कोंडला तर माणूस बसल्या जागी आडवा. मग कॉम्प्युटर ऱ्हाईल आन् बघणारं कोन न्हाई."

कार्ड गॅलरीच्या दाराशी टेबलावर उघडंच मांडलं होतं. मुलीनं व्हॅसलिन लावलं, मी कणीक दाबली. भांड्याभोवती, मागच्या बाजूला, वीज येते त्या पिनांच्या कडेपर्यंत. मोदकाला पाकळ्या पाडाव्यात तशी कड नीट बसवली. मला त्या कामाचा अभिमान वाटला, हे खरं आहे.

जाड हातमोजे घालून मी ओतायला लागले. पहिला घोट भांड्यात पडला तसा तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज झाला आणि पांढरा धूर काठावरून खाली सांडला. आप्पा एकेक आकडा मोठ्यानं वाचत होते: उणे वीस, उणे साठ, उणे शंभर. भांड्याला बर्फाचे केस फुटले. मुलगी वेग वाढवत होती. पडद्यावर चाचणी सुरू झाली. एक निळं जंगल, मग जळणारं शहर. दोन भाग पार पडले. भाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती.

"अजून थोडा," मुलगी म्हणाली आणि तिनं व्होल्टेज चढवून वेग आणखी वाढवला.

तिसऱ्या भागात समुद्र आला, जहाज आलं आणि पडदा काळा झाला. मशीनचे बाकीचे पंखेही थांबले. काहीतरी भाजल्याचा मंद वास आला. मला वाटलं, शेजारी स्वयंपाक चाललाय.

पुन्हा चालू केलं. काही नाही. दहा मिनिटं थांबून पुन्हा. काही नाही. कार्डावरचा दिवाही लागेना.

भाऊ टोपी घालून म्हणाले, "गाभण राहिलं न्हाई," आणि भांडं उचलून हळूच निघून गेले.

मुलगी कॉटवर बसली. "माझी चूक. व्होल्टेज मीच जास्त दिलं. हाव सुटली." मग म्हणाली, "उद्या त्याला काय दाखवू? नुसता कांदा?"

दोन वाजत आले होते. कार्ड मेलं तरी आप्पांना गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात. मी आत गेले, भाजी गरम केली. परातीत झाकलेली कणीक बरीच उरली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून लाटायला घेतली. सरसर लाटली गेली. तव्यावर टाकली, उलटली आणि ती फुगली. टम्म, काठोकाठ.

तेलात मळलेला मैदा लाटला जात नाही. त्याची पोळी फुगत तर नाहीच नाही.

मी फुगलेल्या पोळीकडे बघत उभी राहिले. मग तुकडा मोडून तोंडात टाकला. मीठ बरोबर होतं. तीस वर्षं बरोबरच असतं. फोनवर मी कपाट आणि खण सांगत होते, तेवढ्या वेळात माझ्या हातांनी पिठाचा डबा उघडला होता, पाणी घातलं होतं, चिमूट सोडली होती. भांड्याजवळची कणीक गोठून दगड झाली होती, पण पिनांकडची ओलीच राहिली असणार. ओली आणि खारट. त्यातून वीज खुशाल इकडून तिकडे गेली आणि जाता जाता तिनं कड भाजून घेतली. तो वास शेजारचा नव्हता.

एक क्षण असा विचार आला, की पोरगी स्वतःलाच दोष देते आहे, तर देऊ दे. वय लहान आहे, विसरेल. मग गॅस बंद केला आणि पोळी हातात घेऊनच बाहेर गेले.

"व्होल्टेज नाही," मी म्हटलं. "मीठ."

मुलीनं पोळीकडे पाहिलं. उठून तिनं मल्टिमीटर घेतला आणि उरलेल्या गोळ्यात सुया खुपसल्या. काटा उठून पळाला.

आप्पा खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला, परत घातला.

"कणकेला निळी शाई लावून बघितली होतीस का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. इतकं समाधान त्यांच्या तोंडावर मी नातीच्या बारशातही पाहिलं नव्हतं.

पण मीठ आहे हे कळल्यामुळे एक झालं. जळलेल्याला इलाज नसतो. खारटाला असतो, धुवायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरात होतं. मुलीनं भांडं काढलं, कणीक खरवडली, आणि जुन्या मऊ टूथब्रशनं आम्ही दोघींनी कार्ड त्या पाण्यात धुतलं. मग तिच्याकडच्या स्पिरिटनं. ती घासताना एकच वाक्य बोलली, "तिकडे दाबू नकोस." नंतर गच्चीवर सावलीत वाऱ्याला ठेवलं आणि शेवटी लाडवांच्या मोठ्या डब्यात. कंपनीत पार्टांच्या खोक्यांतून येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या मी कधी फेकत नाही. त्यावरून घरात माझी चेष्टा होते. त्या सगळ्या डब्यात ओतल्या, झाकण लावलं.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी नऊला मुलीनं कार्ड मशीनमध्ये बसवलं, जुना पंखा लावला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. तिनं केबल काढून शेजारच्या भोकात घातली. काळाच. तिसऱ्या भोकात घातली आणि पडद्यावर तलाव आला, काठावर चहा पिणारी सुखी माणसं आली, बदामी लॉबी आली. दोन भोकं गेली ती गेलीच, बाकी सगळं चालत होतं. ती खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. मी दार लोटून बाहेर आले.

फिल्म साडेपाचला गेली. पावणेसहाला बिल्डरचा फोन आला, की करड्याच बऱ्या होत्या.

स्पर्धेतला आमचा आकडा आलाच नाही. समुद्रापर्यंत पोचलेल्यांना आकडा देत नाहीत, जहाज पार व्हावं लागतं. हे माझ्या डोक्यात राहून गेलं. महिन्याभरानं मी मुलीला म्हटलं, की भांडं आहे, भाऊ तयार आहेत, खोडरबरही आलंय. नुसतं एकदा बघायचं, आकडा किती येतो.

"कार्ड माझं आहे, आई."

"ते आहेच. पण चूक कळली आहे ना आता?"

ती उठली, माझ्या ऑफिसच्या पिशवीतून लाल टॅग काढला. संशयित मालावर लावतो तो. रकाने भरले. वस्तू: तांब्याचं भांडं. कारण: पास झालेल्या पद्धतीनं माल केला नाही. जबाबदार: आई. निर्णय: होल्ड. टॅग भांड्याच्या गळ्यात बांधून तिनं ते फ्रीजवर ठेवलं.

"आणि होल्ड उठवायला सही कोणाची?" मी विचारलं. कार्यपद्धती मला माहीत होती.

"आप्पांची."

खोडरबर मी आप्पांना दाखवलंच नाही. मैद्याचंच सिद्ध करायचं होतं. आतापर्यंत दोन वेळा तेलात मळून त्यांच्यापुढे ठेवला आहे, सुया खुपसून, तारीख घालून. पहिल्या वेळी म्हणाले, तेल जास्त आहे. दुसऱ्या वेळी अर्धा तास गोळा हातात धरून बसले आणि म्हणाले, चष्मा सापडत नाही, रविवारी बघू. चष्मा डोळ्यांवर होता.